पंचवीस सेंटचा मानसोपचार

मानसोपचार म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे आपल्या चळवळीतले कार्यकर्ते म्हणतात. उलट समुपदेशकाकडे गेलेला आपला विद्यार्थी जातीवरून झालेला अपमान सांगतो, तेव्हा त्याला 'न्यूनगंड सोडा' असे ऐकवले जाते. या दोघांनीही न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीचा इतिहास वाचावा, असे आम्हाला वाटते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारीच ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे.

१९४६ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांनी तिथल्या सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केले. नाव दिले पॉल लाफार्ग यांचे. हे मार्क्सचे जावई. क्लिनिक मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी उघडे असे. फी पंचवीस सेंट, तेवढेही नसतील तर फुकट. डॉक्टर आणि समाजसेवक गोरेही होते, कृष्णवर्णीयही होते, आणि सगळे बिनपगारी काम करत. घरभाडे, बेकारी, पोलिसांचा जाच हे सगळे इथे आजाराच्या चर्चेतच येई. 'जुळवून घ्या' हा सल्ला या क्लिनिकला मान्य नव्हता.

१९५१ मध्ये डेलावेअर राज्यात शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध खटला उभा राहिला. कृष्णवर्णीय पालकांच्या वकिलांनी मुलांना या क्लिनिकमध्ये आणले. कृष्णवर्णीय मुलांबरोबर काही गोरी मुलेही तपासली गेली. मग वर्थमने कोर्टात साक्ष दिली: मुद्दा इमारतीचा नाही, सरकारने मुलांना वेगळे ठेवणे यातच इजा आहे. न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी १९५२ मध्ये मुलांचे नुकसान होते हे मान्य केले आणि कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेण्याचा आदेश दिला. हाच खटला पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १९५४ चा निकाल आला.

मुलांच्या मनातले दुखणे इथे व्यवस्थेविरुद्धचा पुरावा झाले. आपल्याकडे हॉस्टेलमधल्या मुलाने जीव दिला की 'अभ्यासाचा ताण' लिहून फाइल बंद होते. जातीची नोंद करणारा मानसोपचारतज्ज्ञ असता, तर त्या फाइलमध्ये दुसरेही काही लिहिले गेले असते.

वर्थमला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. कॉमिक्सविरोधी मोहिमेत त्याने पुराव्यांची मोडतोड केल्याचे नंतर उघड झाले आहे. क्लिनिकही १९५८ साली बंद पडले. पण बारा वर्षे ते एका तळघरात चालले. आपल्या किती बुद्धविहारांची खोली मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी रिकामी असते, याची यादी आम्ही करायला घेतली आहे.