आभाळातून पडलेलं लोखंड

बादशहांच्या इतिहासात लढायाच फार. आज मात्र जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलेली एका गावची गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

साल १६२१, एप्रिल महिना. पंजाबात जालंधर परगण्यातल्या एका गावी पहाटे पूर्वेकडून प्रचंड आवाज झाला. माणसं भेदरून गेली. तेवढ्यात आभाळातून काहीतरी लखलखत खाली आलं. परगण्याचा अंमलदार महंमद सईद याला निरोप गेला. तो लगेच घोड्यावरून आला. दहा-बारा गज जमीन करपलेली, गवताची काडी उरली नव्हती. त्यानं खणायला लावलं, तर लोखंडाचा तापलेला गोळा निघाला. निवल्यावर सईदनं तो थैलीत घालून, मोहोर लावून दरबारी पाठवला. वजन भरलं १६० तोळे, म्हणजे जवळजवळ दोन किलो.

बादशहानं उस्ताद दाऊदला त्याची हत्यारं घडवायला सांगितलं. पण घणाखाली ते लोखंड फुटायला लागलं. मग तीन भाग आभाळाचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी झाली. सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. मूळ गोळा मात्र हत्यारांत गेला.

१२ फेब्रुवारी १९४७ ला रशियाच्या पूर्व टोकाला, सिखोटे-अलिनच्या डोंगरात, दिवसाढवळ्या असंच लोखंड बरसलं. तिथं शास्त्रज्ञांनी खड्डे मोजले, तुकडे गोळा करून जपले. सर्वांत मोठा तुकडा १,७४५ किलोचा निघाला. ते तुकडे अजून अभ्यासाला उपयोगी पडतात.

जालंधरच्या नोंदीत बादशहा, अंमलदार आणि लोहार यांची नावं आहेत. ज्यांनी आवाज ऐकला, ज्यांनी माती उपसली, त्यांची नाहीत. त्यांत बायकाही असतीलच ना?

म्हणून सांगतो, आपल्या शिवारात असं काही पडलं तर तारीख, वेळ, दिशा आणि जागा बचत गटाच्या वहीत लिहा. पाहणाऱ्या बाईचं नावही लिहा. वस्तू फोडू नका, धुऊ नका, तापवू नका. कोरड्या, स्वच्छ कापडात ठेवा. तहसील कार्यालयात कळवा. भारतात पडलेल्या उल्का जपण्याचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं. दगड त्यांच्याकडे जाईल, पण तो कुणी पाहिला हे आपल्या वहीत राहील.