मद्रास, 1986 : विषाणूची किल्ली आणि पेशीचे कुलूप

1986 च्या सुरुवातीस एड्स हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, आपल्याकडे तो नाही, असाच सर्वसाधारण समज होता. मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी हा समज तपासून पाहायचे ठरवले. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. एलायझा चाचणीत सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले.

लक्षात घ्या, या चाचणीत विषाणू दिसत नाही. त्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दिसतात. त्यांतील काही प्रतिपिंडे विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविरुद्ध असतात, आणि विषाणू पेशीत शिरतो तो याच प्रथिनांच्या जोरावर.

कसा, ते पाहू. एचआयव्हीच्या आवरणावर जीपी120 व जीपी41 या प्रथिनांच्या तीन-तीन प्रतींनी बनलेल्या खुंट्या असतात. जीपी120 प्रथम पेशीवरील सीडी4 या प्रथिनाला चिकटते. हे 1984 मध्ये लंडन व पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले. पण मानवी सीडी4 बसवलेल्या उंदराच्या पेशीत विषाणू शिरेना! म्हणजे या कुलपाला दुसरी कळ असली पाहिजे. ती 1996 मध्ये सापडली. सीडी4 ला चिकटताच जीपी120 चा आकार बदलतो आणि ते सीसीआर5 किंवा सीएक्ससीआर4 हे प्रथिन पकडते. मग जीपी41 चे टोक पेशीपटलात रुतते, ते प्रथिन स्वतःवर दुमडते आणि दोन्ही पटले ओढली जाऊन एकजीव होतात. 2007 मध्ये मान्यता मिळालेले मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर5 अडवते.

हा तपशील केवळ परीक्षेपुरता नाही. विषाणूला सीडी4 असलेली पेशी गाठावीच लागते. म्हणून हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही पसरत नाही. तरीही रुग्णांना घराबाहेर काढले गेले. अशा रुग्णांसाठी डॉ. सॉलोमन यांनी 1993 मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केले.

विचार करा : सीसीआर5 अडवणारे औषध सीएक्ससीआर4 वापरणाऱ्या विषाणूवर का चालत नाही?