तळटीप १७ : लायबेरियासाठीची रदबदली
‘मनरोव्हियाच्या आर्चबिशपांचा आग्रह’ : येथे मायकेल कपाकाला फ्रान्सिस अभिप्रेत आहेत. लायबेरियातील 1989 ते 2003 या यादवीच्या काळात, बंडखोरांचा म्होरक्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या चार्ल्स टेलरला उघडपणे खडसावणारे फार थोडे उरले होते. त्यांत ते अग्रणी. त्यांच्या चर्चचे ‘रेडिओ व्हेरितास’ सरकारने 2000मध्ये बंद पाडले होते.

अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी आणि ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ने या देशाची बाजू उचलून धरली, तिला केवळ भूतदया म्हणून मोकळे होता येणार नाही. ऑक्टोबर 1992मध्ये टेलरच्या फौजांनी मनरोव्हियावर चाल केली, तेव्हा इलिनॉयच्या एका संघाच्या पाच अमेरिकन जोगिणी तेथे मारल्या गेल्या. हे नाते रक्ताचे होते.

एलेन जॉन्सन सरलीफ जानेवारी 2006मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. राजधानीत सरकारी वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते. त्याच जुलैत काही रस्त्यांवर सुमारे 15 वर्षांनी दिवे लागले. मतदान पार पडले की आपले काम संपले, असे देणगीदार देशांना वाटू लागते. चर्चची मागणी नेमकी याविरुद्ध होती. बंदूक खाली ठेवलेल्या पोरांना शाळा आणि रोजगार मिळाला नाही, तर ती पुन्हा बंदूक उचलतील, हा तिचा मुद्दा संपादकांना निर्विवाद वाटतो. जुन्या कर्जाचा प्रश्न मात्र रेंगाळला. नाणेनिधी व जागतिक बँक यांनी सुमारे 460 कोटी डॉलरच्या कर्जमाफीला मान्यता दिली ती जून 2010मध्ये.