कोण कोठे निजतो

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण सरकारी मदतीला लावण्याची आपल्याला सवय आहे. बंब येण्यापूर्वी शेजारी काय करतात, हा प्रश्न मात्र इतिहासात सहसा मागे पडतो. त्यासाठी आपण जपानकडे पाहू.

१६५७ च्या मेइरेकी आगीत एदो, म्हणजे आजचे तोक्यो, बहुतांशी भस्मसात झाले. मृतांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. पुढे १७२० मध्ये नगराधिकारी ओओका तादासुके याने वस्त्यावस्त्यांतील रहिवाशांची अग्निपथके बांधली. त्यांना नावे मिळाली ती 'इरोहा' या जुन्या कवितेतील अक्षरांची. या कवितेत ४७ अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात, पथकेही ४७. 'हि' या उच्चाराचा एक अर्थ आग, तेव्हा ते अक्षर गाळून त्याजागी 'दहा हजार' ही संख्या आली. आगीशी झुंजणाऱ्यांनाही शब्दाचे भय होतेच!

पाण्याचा मारा हे या पथकांचे मुख्य काम नव्हते. वाऱ्याच्या दिशेची, अजून न पेटलेली घरे पाडून आगीची वाट तोडायची, ही त्यांची रीत. म्हणून त्यांत बांधकामावरचे मजूर असत. घर उभारणाऱ्यालाच ते झटपट उतरवता येते. शेजाऱ्यासाठी आपले घर पडू शकते, हे तेथे आधीच गृहीत होते.

१९४० मध्ये याच शेजारधर्माला शासनाने हुकमाचे रूप दिले. साधारण दहा घरांचा एक गट, 'तोनारिगुमी'. बादल्यांची साखळी, शिधावाटप आणि त्याबरोबरच एकमेकांवर पाळत. १९४१ च्या दुरुस्त कायद्याने हवाई हल्ल्यात आग विझवणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरवले आणि शहर सोडण्यावर बंदी घालण्याची सोय केली. १० मार्च १९४५ च्या रात्री तोक्योत सुमारे एक लाख माणसे मेली. बादल्या तयार होत्या. पळण्याची मुभा नव्हती. १९४७ मध्ये हे गट बरखास्त झाले.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे परिसरात भूकंप झाला. ६,४३४ माणसे दगावली. ढिगाऱ्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. आवाजी बेटावरील होकुदान गावात तर कोण कोणत्या खोलीत निजतो हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. नेमके तेथेच उकरले गेले.

शेजारी कोठे निजतो, हे पाळत ठेवणाऱ्यालाही हवे असते. माहिती तीच, ती कोणाच्या हाती आहे, एवढाच काय तो फरक. शेजाराच्या तयारीचे गुणगान करताना आपण हा प्रश्न विसरू नये, असे आम्हांला वाटते.