सुप्याच्या बाजारात काय जळलं

महाळुंगे पडवळ म्हटलं की हुतात्मा बाबू गेनू आठवतात, १२ डिसेंबर १९३० आठवतो. पण आमच्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांचा आणखी एक इतिहास आहे, कर्जवसुलीचा. त्याचे पुतळे उभे राहत नाहीत.

१२ मे १८७५. सुपे, आज बारामती तालुक्यात. बाजाराचा दिवस. जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी मागितले कर्जरोखे. हाती आले की जाळले. आमच्या आंबेगावाला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात ठिणगी त्याआधीच पडली होती. डिसेंबर १८७४ मध्ये कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, त्यांच्या घरावर हात घातला, आणि गावानं सावकारांशी व्यवहारच तोडले.

पण कागदावरच एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीनच वर्षं चालणार होता. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा. सावकारानं त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा. समजा, १०० रुपये, महिना शेकडा २ नं घेतले. तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९. सरळ व्याजानं ते ३१६ झाले असते. मी दिवसभर कोड लिहितो. हे लूप मला फार ओळखीचं वाटतं. अंगठा उमटवणाऱ्याला मात्र आत काय लिहिलंय ते दिसतच नव्हतं.

कोर्टही शेवटचा रोखाच बघायचं. कुळ भीतीनं किंवा खर्चापायी तारखेला जायचंच नाही. निकाल एकतर्फी, मग जप्ती.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा इथंच बोट ठेवतो. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कोर्टानं व्यवहार पहिल्यापासून उकरायचा, व्याजावर व्याज धरायचं नाही, प्रतिवादी शेतकऱ्याची स्वतः जबानी घ्यायची. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद. सावकार काही कमी नव्हते. ते गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले.

आता गावातल्या माझ्या वयाच्या पोरांच्या मोबाइलवर वसुली एजंटाचे मेसेज येतात. ‘केस टाकली आहे, पोलिस येतील.’ पोरं सिम बदलतात. भीती १८७५ चीच. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगितलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, धमकावायचं नाही. एजंटाचा मेसेज म्हणजे समन्स नव्हे, आणि केवळ कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नव्हे. दावा खरंच लागला, तर सिम बदलून तो निघून जात नाही. तारखेला न गेल्यास निकाल आजही एकतर्फी लागू शकतो. गेलं, तर पहिल्या हप्त्यापासूनचा हिशोब मागता येतो.