ऑडिओ इंटरफेसमधून कडकड आवाज येतोय? नवा माइक घेण्याआधी हे तपासा

पॉडकास्ट, गाण्याचं कव्हर, रीलसाठी व्हॉइसओव्हर किंवा ऑनलाइन पेटीचा क्लास, यासाठी आता बरेच जण यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतात. माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा आकड्यांमध्ये बदलणारी ही छोटी डबी. पहिले दोन दिवस मजेत जातात. मग मध्येच ‘टक्‌’, ‘चर्र’, किंवा वाक्यातला अर्धा शब्दच गायब. पहिला संशय माइकवर जातो आणि खिशाला नाहक भुर्दंड बसतो. दोष बहुतेक वेळा माइकमध्ये नसतो, कॉम्प्युटरमध्ये असतो.

आधी ठरवा: बिघाड फाइलमध्ये आहे की ऐकण्यात?

रेकॉर्डिंगचा तोच तुकडा तीन वेळा वाजवा. कडकड दर वेळी नेमकी त्याच शब्दावर येत असेल, तर ती फाइलमध्ये उतरली आहे. जागा बदलत असेल, तर फाइल ठणठणीत आहे, फक्त वाजवताना कॉम्प्युटर अडखळतोय.

फाइलमध्ये असेल तर वेव्हफॉर्म मोठी करून बघा. लाटांचे शेंडे वरून कापल्यासारखे सपाट दिसले, तर ते क्लिपिंग. म्हणजे गेन जास्त ठेवला होता. तो कमी करा, मोठ्यात मोठा आवाजही उणे १० ते १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, काम झालं. पण लाट मध्येच तुटून एकदम दुसरीकडे उडी मारत असेल, तर डेटा हरवला आहे. यालाच ड्रॉपआउट म्हणतात. सतत भुणभुण ऐकू येत असेल तर ते तिसरंच प्रकरण. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. भुणभुण थांबली तर दोष अर्थिंगचा आहे, आणि खाली दिलेले उपाय त्याला लागू पडत नाहीत.

डेटा हरवतो कसा?

पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादा तुकडा खराब पोचला तर कॉम्प्युटर तो पुन्हा मागवतो. यूएसबीवरून जाणाऱ्या आवाजाला ही सोय नाही. आवाज वेळेवर पोचणं महत्त्वाचं, म्हणून तुकडा हुकला की हुकला, तो परत पाठवला जात नाही.

हे हुकणं टाळायला बफर असतो. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी कधीही आलं तरी टाकी भरलेली असल्यामुळे स्वयंपाकघरात धार अखंड राहते. टाकी फार लहान असेल तर जरा उशीर होताच नळ फुसफुसतो. ती फुसफुस म्हणजेच आपली कडकड.

मग टाकी मोठीच का ठेवू नये? कारण बफर जितका मोठा, तितका आवाज उशिरा पोचतो. ४८,००० हर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३ आणि १,०२४ म्हणजे २१.३ मिलिसेकंद. हा उशीर आत येताना होतो आणि बाहेर जाताना पुन्हा होतो. १,०२४ वर हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो आणि गाणाऱ्याची लय डळमळते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असं बटण असतं. ते चालू केलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर खुशाल ५१२ किंवा १,०२४ ठेवा. फक्त बोलणं रेकॉर्ड करणाऱ्यांना लहान बफरची काहीच गरज नसते, तरी ‘कमी लेटन्सी चांगली’ असं कुठंतरी ऐकून तो ६४ वर नेऊन ठेवलेला असतो!

‘पण सीपीयू तर १५ टक्केच दिसतोय’

हा प्रश्न हमखास येतो. तो आकडा सरासरीचा असतो. आवाजाला सरासरी चालत नाही, दर काही मिलिसेकंदांनी त्याचं काम व्हावंच लागतं. वाय-फाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने प्रोसेसर क्षणभर अडवून धरला, तरी तेवढ्यात टाकी रिकामी होते.

विंडोजवर हा दोषी शोधायला लेटन्सीमॉन नावाचं प्रोग्रॅम आहे. दहा मिनिटं चालू ठेवा, कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते नावानिशी सांगतं. त्याआधीची सोपी चाचणी म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करून रेकॉर्ड करणं. कडकड थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर अपडेट करा, नाहीतर रेकॉर्डिंगपुरतं नेट बंद ठेवा. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ करा आणि त्याच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर असेल तर तोच टाका.

मॅकवर वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही, पण तिथेही हे होतंच. २०१८ साली आलेल्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनीवर यूएसबी ऑडिओ तुटत असे. ॲपलने मार्च २०१९ च्या मॅकओएस १०.१४.४ मध्ये त्यात सुधारणा केली. तुमच्याकडे तेव्हाचं मशिन असेल आणि अपडेट टाळलं असेल, तर आधी ते करा.

उन्हाळ्यातली खास आपली अडचण: आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आणि लॅपटॉप गादीवर. वीस मिनिटांत तो तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि कडकड सुरू होते. लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि मधे मधे थांबून त्याला थंड होऊ द्या.

वायर, पोर्ट, वीज

हब काढा, इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. पोर्ट बदला, केबल बदला. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. एकाच हबवर इंटरफेस, हार्ड डिस्क आणि कीबोर्ड असतील, त्यात कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट चालू असेल, तर वीज अपुरी पडू शकते.

सॅम्पल रेटही सगळीकडे एकच हवा. व्हिडिओचं काम असेल तर इंटरफेस, सॉफ्टवेअर आणि सिस्टिम तिन्ही ४८,००० वर ठेवा.

दोन उपकरणं ऑप्टिकल केबलने जोडली असतील आणि ठरावीक अंतराने ‘टक्‌’ येत असेल, तर दोघं आपापल्या घड्याळावर चालताहेत. घड्याळांत दहा लाखांत दहा इतका फरक असला तरी साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल घसरतं. एकाला मुख्य करा, दुसऱ्याचं क्लॉक सेटिंग ‘एक्स्टर्नल’ करा.

गेलेला आवाज परत येतो का?

बारीक टकटक ऑडॅसिटीच्या ‘क्लिक रिमूव्हल’ने बऱ्यापैकी निघते. हरवलेला शब्द मात्र येत नाही. मी एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. घरी आल्यावर दोन ओव्यांमध्ये मधलेच शब्द नाहीत असं दिसलं. पुन्हा गेलो तर आजींनी वेगळ्याच ओव्या म्हटल्या, आधीच्या त्यांना आठवेनात. तेव्हापासून मी आधी दहा मिनिटांची चाचणी घेतो आणि शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवतो.

चाचणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. हे सगळं करूनही आवाज तुटत असेल, तर इंटरफेस दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला, दुसऱ्या केबलने लावून बघा. तिथेही तसंच झालं तर दोष इंटरफेसमध्येच आहे. बिल शोधा आणि वॉरंटीची तारीख बघा.