टाचणी, टाके आणि मच्छरदाणी

मुंबईतल्या कुरार-आप्पापाड्याच्या चढावर भरलेला सिलिंडर खांद्यावरून नेणाऱ्याच्या जांघेत एके दिवशी गाठ दिसते. खोकलं की वर येते, आडवं झालं की आत जाते. तिथे तिला हर्निया म्हणतात, गावाकडची जुनी माणसं ‘आतडं उतरलं’ म्हणतात, पुस्तकात ती अंतर्गळ असते. आत बहुधा आतड्याचं वेटोळं किंवा चरबी असते. शंभरात जेमतेम एखाद्याच्या गाठीत मात्र अपेंडिक्स निघतं. त्या हर्नियाला नाव आहे क्लॉडियस अमियांड या शल्यविशारदाचं.

६ डिसेंबर १७३५, लंडनचं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल. ११ वर्षांच्या हॅन्विल अँडरसनच्या जांघेत हर्निया होता आणि खाली मांडीकडे उघडलेल्या जखमेतून विष्ठा झिरपत होती. अमियांड हे राजाचे शल्यविशारद. त्यांनी गाठ उघडली तर आत अपेंडिक्स, त्याला भोक पाडून बसलेली एक टाचणी आणि टाचणीवर चढलेलं खड्यासारखं पुट! ईथरची भूल यायला अजून १११ वर्षं होती. मुलगा पूर्ण शुद्धीत. अर्धा तास ते काम चाललं. अमियांडांनी अपेंडिक्स बांधून कापलं आणि मुलगा जगला. यशस्वी अपेंडिक्स-शस्त्रक्रियेची ही पहिली ज्ञात नोंद.

पण मुलगा घरी गेला तो जांघेला पट्टा बांधून. पोटाची भिंत पक्की सांधायची विद्या तेव्हा नव्हती. ती १८८०च्या दशकात इटलीचे शल्यविशारद एदोआर्दो बासिनी यांनी टाक्यांच्या रूपात दिली. पुढे विसाव्या शतकात टाक्यांचा ताण टाळणारी कृत्रिम जाळी आली, पण ती गरिबाच्या खिशाबाहेरची.

इथे ही कथा धुळे जिल्ह्यात येते. दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं आणि २००३ साली सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडले. २०१६ साली युगांडातल्या ३०२ पुरुषांवरच्या चाचणीत अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. ग्रामीण भागातल्या डॉक्टरची ही कल्पना जगाने तपासून घेतली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

पण अमियांडांसारखं गाठीत अपेंडिक्स सापडलं तर जाळी लावायची का, हाच खरा प्रश्न. लोसानॉफ आणि बॅसन या शल्यविशारदांनी २००७ साली अशा हर्नियांची वर्गवारी केली. अपेंडिक्स निरोगी असेल तर बहुधा ते आत सारून जाळी बसवतात. सुजलं असेल तर काढतात आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने जाळी टाळून स्वतःच्याच ऊतींनी भिंत सांधतात. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली, पोटाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरणारी पद्धत अशीच बिनजाळीची. पू पोटभर पसरला असेल तर पोटच उघडावं लागतं.

बाहेरून मात्र सगळ्या गाठी सारख्याच दिसतात. म्हणून जांघेत गाठ दिसली तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. ती आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.